निळी फळी

पोरं खेळत असायची, टॅबमधून टाळ्यांचा आवाज येत असायचा, पडद्यावर चांदण्या उडत असायच्या, आणि ती हळूच पुढं होऊन तो टॅब बाकावर पालथा घालायची. वर आपला तळहात ठेवायची आणि म्हणायची, "हां. आता ह्याच्याशिवाय सांग."

पोरं गोंधळून तिच्या हाताकडं बघत राहायची. त्यांनी तिचं नावच 'ह्याच्याशिवाय मॅडम' पाडलं होतं. खरं नाव मी इथं सांगत नाही. तिला विचारलं असतं तर तिनं आधी 'कशासाठी?' म्हणून विचारलं असतं, आणि ते पटवून देणं माझ्याच्यानं झालं नसतं.

करमाडच्या पुढं, जालना रस्त्यापासून आत वळलं की आमची सरकारी शाळा लागते. मी तिथं पाचवीला गणित शिकवते. राहायला शहरात, उस्मानपुऱ्यात. रोज स्कूटीवरून जाते-येते. पाचवीच्या दोन तुकड्या. एक माझ्याकडं, दुसरी मुख्याध्यापकांकडं. शहरातल्या एका संशोधन संस्थेनं आमची शाळा निवडली आणि एक दिवस टॅबचे खोके आले. त्यात अपूर्णांक शिकवणारा एक गेम होता. गेम एका कंपनीनं बनवला होता. संस्थेनं तो मुलांना द्यायचा, त्यातून मुलं शिकतात का ते पाहायचं, अहवाल लिहायचा. ते पाहायला आली ती. तिशीच्या आतली, अंगानं बारीक, पाठीवर मोठी सॅक. पीएच.डी. करत होती आणि तिचा विषयच हा होता: डिजिटल खेळ आणि शिकणं.

आमच्या स्टाफरूममध्ये हे कुणालाच पटलं नाही. खेळावर पीएच.डी. कोण करतं? मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी दार लोटून मला सांगितलं, "टॅब हा बहाणा आहे, मॅडम. ह्या आपल्याला तपासायला आल्यात. बघा तुम्ही." दुसऱ्या दिवसापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून वेळेच्या आधी यायला लागले. मीही फळ्यावर तारीख टाकायला लागले, जी मी एरवी विसरते.

ती शेवटच्या बाकावर बसायची आणि नुसतं बघायची. तुम्हीही असं कुणीतरी पाहिलं असेल. बोलत नाही, हसत नाही, आणि त्यामुळं आपल्याला आपल्याच हातापायांचं ओझं होतं. चहा दिला तर घ्यायची नाही. एकदा मी आग्रह केला, तर सरळ म्हणाली, "तुमचा चहा घेतला की तुमच्याबद्दल वाईट लिहिताना हात अडखळतो, ताई."

म्हणजे वाईट लिहायचं ठरलंच होतं. त्यानंतर तिला कुणी चहा विचारला नाही.

गावातही कुजबुज होती. मॅडम पोरांचं बोलणं फोनमध्ये भरून घेतात, ते कुठंतरी विकतात, असं कुणीतरी उठवलं. एका सकाळी आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई काठी घेऊन दारात उभी राहिली. मेंढरं राखणारं घर. मेंढरं रस्त्यापलीकडं बसवून आली होती आणि अर्धं लक्ष तिकडंच होतं.

"माझ्या पोरीचा आवाज कशात भरून नेताय म्हनं तुमी?"

मुख्याध्यापक पुढं झाले, पण शेवटच्या बाकावरून उठून ती त्यांच्या आधी बाहेर गेली. "बरोबर विचारताय, मावशी. बसा." स्वतः पायरीवर बसली आणि फोन काढून मुलीचं बोलणं लावलं. मुलगी गेमबद्दल सांगत होती. गेम असा होता की नदीवर पूल बांधायचा, वेगवेगळ्या लांबीच्या रंगीत फळ्या जोडून. फळ्यांवर एक छेद दोन, एक छेद तीन असं लिहिलेलं. पूल बरोबर जुळला की पांढरीशुभ्र मेंढी पलीकडं जायची. फोनमधली मुलगी म्हणत होती, "ही मेंढी आपल्याकडची नाय. आन् मेंढरू असं एकलं जात नसतंय. एक गेलं का सगळी जात्यात."

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "लई बोलती की ही. घरी तर तोंड उघडत नाय."

"तुम्हाला नको असंल तर पुसून टाकते," ती म्हणाली, आणि आईच्या डोळ्यांदेखत तिनं ते पुसलं.

आईनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "पुसलं कशावरून?"

मी पाहिलं, मॅडमचा चेहरा उजळला. तोवर तिला असं हसताना आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. फोनमध्ये कुठं कुठं काय साठतं, ते सगळं तिनं त्या बाईला उघडून दाखवलं. बाईला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण जाताना ती म्हणाली, "भरा आवाज. पर मला ऐकवीत जा."

नंतर वर्गाकडं येताना ती मला म्हणाली, "माझे वडीलही मेंढरं राखायचे, ताई. कुणी कागद पुढं केला की आधी दोन पावलं मागं सरायचे. मी त्यांचीच पोरगी."

पुढचे काही आठवडे सगळं इतकं छान चाललं की मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं. पोरं शाळेत वेळेवर यायची. जी मेंढरांमागं जायची, ऊसतोडीच्या टोळीत आईबापाबरोबर फिरून यायची, तीही यायची. गेम प्रत्येक पोराचे गुण स्वतःच साठवायचा आणि रेघा काढून दाखवायचा. सगळ्या रेघा वर. सगळ्यात वर त्या मेंढरंवाल्या घरच्या मुलीची. ती होती मुख्याध्यापकांच्या तुकडीत. एका वर्तमानपत्रात त्या मुलीचा फोटो आला. मुख्याध्यापकांनी तो काचेखाली लावला आणि पहिल्यांदा संशोधक बाईला 'आमच्या मॅडम' म्हणाले.

तिला मात्र ती रेघ बघवेना. "इतकं छान कसं?" असं स्वतःशीच म्हणत ती फिरायची. एके दिवशी मुख्याध्यापक बाहेर गेले होते आणि त्यांची तुकडीही माझ्याकडं होती, तेव्हा तिनं पहिल्यांदा त्या मुलीचा टॅब पालथा घातला.

"हां. आता ह्याच्याशिवाय सांग. एक छेद तीन मोठं, का एक छेद चार?"

मुलीनं क्षणभर विचार केला. "निळी."

"निळी म्हंजे?"

"निळी फळी मोठी. हिरवी बारकी."

"आणि रंगच नसला तर?"

मुलगी तिच्याकडं बघत राहिली. तिला प्रश्नच विचित्र वाटला असावा. "मग कसं सांगनार?"

तिनं दुसऱ्या पोराला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. कुणी म्हणालं निळी, कुणी म्हणालं, बरोबर फळीवर बोट नेलं का ती जरा थरथरते, मग कळतं. ती बाहेर लिंबाखाली जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेले.

"ताई, ह्यांना अपूर्णांक नाही आले. ह्यांना हा गेम आला." जरा थांबून म्हणाली, "शेवटची परीक्षा पण गेममध्येच आहे. त्याच फळ्या, तेच रंग. पास तर होणारच."

मला तिच्या बोलण्यात तथ्य दिसत होतं, पण तिच्यावर माझा विश्वास बसला नव्हता. मी सरळ विचारलं, "तुम्हाला हा गेम नापासच करायचाय का? त्यानं नाव होतं, म्हणून?"

ती रागावली नाही. "मला तो पास व्हायला पाहिजे होता. म्हणून तर इतके दिवस मला हे दिसलं नाही."

मुख्याध्यापकांना कळलं तेव्हा त्यांनी तिला समोर बसवलं. ते आवाज चढवणारे गृहस्थ नाहीत. "मॅडम, तुम्ही हे असं लिहिलं तर कंपनी टॅब घेऊन जाणार. टॅब गेले की ती पोरगी परत मेंढरांमागं. शाळेत येऊन निळी-हिरवी शिकत होती, तेवढंही नाही. ह्याला जबाबदार कोण?"

बराच वेळ ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसली. मग शिपाईमामांनी आमच्यासाठी आणलेल्या चहातला एक कप तिनं न विचारता उचलला आणि गार होईपर्यंत हातात धरून बसली.

मला वाटलं, आता ही गप्प बसेल. किंवा भांडेल. तिनं दोन्ही केलं नाही. ती स्वतःवरच संशय घ्यायला लागली. आधी महिनाभर ती दिसेल त्या पोराचा टॅब पालथा घालत फिरली, मग तिनं कागदावर परीक्षा घेतली. पोरं साफ आपटली. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बघा, मी सांगत होते. ती म्हणाली, "कागद बघूनच घाबरली असतील. हे खरं कशावरून?" मग शहरातून, शहागंजाच्या बाजारातून सुतळीची गुंडी आणली. मी आणि तिनं मैदानात बसून सुतळीचे सारख्या लांबीचे तुकडे कापले, आणि एकेका पोराला बोलावून विचारलं, ह्याचा तिसरा भाग दाखव, चौथा दाखव, आता मोठा कोणता.

माझ्या तुकडीतली बरीच पोरं बरोबर सांगत होती. मुख्याध्यापकांच्या तुकडीतली नाही.

गेम तोच, टॅब तेच. फरक काय, ते ती शोधत बसली. मला विचारून विचारून हैराण केलं. शेवटी निघालं ते एवढंच की तिचं ते टॅब पालथा घालणं बघून मलाही खुमखुमी आली होती. खेळ झाला की मी टॅब गोळा करायचे आणि पोरांशी वाद घालायचे. निळीच कामून? हिरवी का नाही? चार जणांत वाटलं तर जास्त येतं का तिघांत? मुख्याध्यापक तो वेळ पोरांना आणखी खेळू द्यायचे, कारण पोरं शांत बसायची.

मी खूश झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हाला बरं वाटलं ना, ताई? मलाही वाटलं. म्हणजे परत तपासावं लागणार."

आणि तिनं तपासलं. महिनाभर मी मुख्याध्यापकांची तुकडी घेतली, त्यांनी माझी. मुख्याध्यापक मला म्हणाले, "म्हटलं नव्हतं, आपल्यालाच तपासायला आल्यात?" पण तुकडी त्यांनी दिली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. त्या महिन्यात ती मेंढरंवाल्या घरची मुलगी माझ्याशी रोज भांडायची. आणि एका दुपारी सुतळी हातात घेऊन, तिची चार पदरी घडी घालून म्हणाली, "चार जनांत वाटली तर बारकीच येनार की. त्यात काय इचारायचंय."

मी मागं वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर ती नाकावर मूठ दाबून बसली होती. संध्याकाळी जाताना एवढंच म्हणाली, "असं दिसतंय खरं." ह्यापेक्षा जास्त स्तुती मी तिच्या तोंडून कुणाचीच ऐकली नाही.

मग मुलं काय शिकली ते दाखवायचा कार्यक्रम आला. संस्थेच्या शहरातल्या हॉलमध्ये पाहुणे, कंपनीचे साहेब, तिचे गाईड. गाईडनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की फळ्यांच्या रंगाचा तो सगळा भाग प्रबंधात सविस्तर टाक, अहवालात नको. मुलीला आणि तिच्या आईला आम्ही घेऊन गेलो. मुलीनं केसांना इतकं तेल लावलं होतं की कपाळ चमकत होतं. मोठ्या पडद्यावर ती खेळली, एकही फळी चुकली नाही. मेंढी पलीकडं गेली, हॉलमध्ये टाळ्या.

तेव्हा कंपनीचे साहेब माइकवर म्हणाले, "आमच्या संशोधक मॅडमची एक खास पद्धत आहे म्हणे. टॅब पालथा ठेवून विचारतात. मॅडम, दाखवा ना करून सगळ्यांना."

मी दुसऱ्या रांगेत होते. मुलगी चुकेल ही भीती मला नव्हती. कारण आता त्या मुलीला खरंच येत होतं. टॅब पालथा घातला असता तरी तिनं खणखणीत उत्तर दिलं असतं. हॉलनं ते गेमच्या नावावर जमा केलं असतं. तिचे गाईड खूश, कंपनी खूश, टॅब शाळेत राहिले असते, तिची पीएच.डी. सुरळीत झाली असती. खोटं एक अक्षर बोलायची गरज नव्हती. फक्त हात पुढं करायचा होता.

ती स्टेजवर गेली. मुलगी टॅब धरून, मान वर करून तिच्याकडं बघत होती, तयारीत. तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक घेतला.

"मी आत्ता विचारलं तर ही बरोबर सांगेल," ती म्हणाली. "पण ते उत्तर गेमचं नाही. आधी मी विचारलं होतं तेव्हा तिला रंग आठवत होता. नंतर तिच्या बाई तिच्याशी रोज बोलल्या, तेव्हा तिला कळलं. गेमनं ती शाळेत आली, हे असू शकतं; ते मी अजून तपासलेलं नाही. एवढंच मला सांगता येतं."

मागं दोघातिघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या आणि थांबवल्या. साहेबांनी हसून माइक परत घेतला. गाईड फोनमध्ये बघत होते.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही रिक्षाची वाट बघत थांबलो. मुलगी कुणाशीच बोलेना. तिच्या आईनं विचारलं, मी विचारलं, नाही. शेवटी मॅडमकडं न बघताच ती म्हणाली, "मला येत होतं, मॅडम. तुमी इचारलंच नाय."

मी तिला त्या वेळी पाहिलं ते विसरणार नाही. हॉलभर लोकांसमोर जिचा आवाज हलला नव्हता, ती त्या पायरीवर मटकन बसली. आपण खरं बोललो, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्या खऱ्यापायी ह्या पोरीच्या तोंडचा घास गेला, हे तिला आत्ता दिसलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आता इचारू?"

मुलीनं खांदे उडवले.

"एका भाकरीचा तिसरा हिस्सा तू खाल्लास, चौथा तुझ्या भावानं. दोघांचं मिळून अर्ध्यापेक्षा जास्त झालं का कमी?"

अवघड प्रश्न होता. आम्ही शिकवलेल्याच्या बराच पुढचा. मुलगी पायरीवर बोटानं काहीतरी काढत बसली. रिक्षा येऊन थांबली, आईनं रिक्षावाल्याला हातानंच थांब म्हणून सांगितलं.

"जास्त," मुलगी म्हणाली. "दोन चौथे असते तर बरोबर अर्धी. माझा तर तिसरा हाय, चौथ्याहून मोठा. मग जास्तच की."

"बरोबर हाय का?" आईनं विचारलं.

"व्हय मावशी. बरोबर हाय."

आई हसली, मुलगी हसली. आणि ती, जी एकदा आलेलं उत्तर दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय सोडत नसे, तिनं पुढं काहीच विचारलं नाही. पदरानं पुसावेत तसे ओढणीनं डोळे पुसले आणि रिक्षात बसली.

पुढं जे व्हायचं ते झालं. अहवाल निघाला, त्यात रेघा होत्या आणि निळ्या फळीचं नाव नव्हतं. तिनं आपलं नाव त्यावरून काढायला लावलं. कंपनीनं टॅब परत नेले. मुख्याध्यापक खोके मोजून देताना माझ्याकडं बघत नव्हते. तिनं गाईड बदलले, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रबंध अजून पुरा झालेला नाही, असं कानावर आहे.

मुलगी मात्र शाळेत येत राहिली. घरची माणसं मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी लांब खाली गेली तेव्हाही तिच्या आईनं तिला गावात मावशीकडं ठेवलं. मी हे मोठ्या अभिमानानं मॅडमला फोनवर कळवलं. म्हटलं, बघा, बोलण्यानं झालं हे. मग ती म्हणाली, "कशावरून, ताई? शाळेतल्या खिचडीमुळंही असंल. मावशीचं घर जवळ आहे म्हणूनही असंल." मला राग आला, आणि फोन ठेवल्यावर हसू आलं. मुख्याध्यापकांना सांगितलं, तर तेही हसले आणि म्हणाले, "त्यांना चहा पाजायला पाहिजे होता आधीपासून."

तिला शेवटचं पाहिलं ते करमाडच्या थांब्यावर. विदर्भातल्या कुठल्या तरी कॉलेजात तिला तात्पुरती नोकरी लागली होती, आणि जायच्या आधी पोरांना भेटायला आली होती. मी तिला स्कूटीवरून थांब्यावर सोडलं. ऊन होतं, रस्त्यावर शेंद्र्याकडं जाणारे ट्रक.

"एक विचारू, ताई?" ती म्हणाली. "तुमचा माझ्यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही ना?"

"बसला की."

तिनं माझ्या चेहऱ्याकडं नीट निरखून पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाली. तिला ते पटलं का नाही, मला आजही सांगता येत नाही.

गाडी आली. पाटीवर मोठ्या अक्षरांत जालना लिहिलं होतं. ती चढली, सॅक मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसली, आणि शेजारच्या म्हातारीला विचारलं, "मावशी, ही जालन्यालाच जाते ना?"

"व्हय बाई. दुसरीकडं कुठं जानार?"

गाडी हलली. मला वाटलं आता ती हात करेल. पण तिची मान पुढच्या बाजूला वळली होती. उठून, दांडीला धरून, ती कंडक्टरला काहीतरी विचारत होती.